पाषाण, मुरूम आणि हवेतला कार्बन

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लेख आहे. सुमारे १९०० पावसाळे उलटले, तरी काळ्या पाषाणातील ती अक्षरे आजही वाचता येतात. ती ओसरीच्या आडोशाला आहेत, हे खरे. पण उघड्यावरच्या कड्यांची झीजही माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना जाणवावी इतकी वेगवान नसते.

डोंगराच्या पायथ्याचा हा दगड हातोडीने फोडल्यावर आतून काळाभोर निघतो, बाहेरून मात्र त्याच्यावर तांबूस पापुद्रा चढलेला दिसतो. हा पापुद्रा आत आत मुरत गेला की पाषाणाचा मुरूम होतो आणि पुढे मुरमाची माती. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते, मातीत मुळांच्या श्वसनाने त्यात आणखी भर पडते, आणि असे पाणी दगडातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडवून नेते. तो कार्बन बायकार्बोनेटच्या रूपाने गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात पोहोचतो, तेथे शंखशिंपल्यांच्या कवचांत बसतो आणि त्यातील काही भागाचा कालांतराने चुनखडक होतो.

कार्बन चक्राची आकृती दहावीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. मात्र त्या आकृतीतील कोणता बाण किती वेगाने धावतो, हे तिच्यात नसते, आणि शिकायचे आहे ते नेमके हेच. निफाडच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, फुटलेले पान हवेतील कार्बन घेऊन काही महिन्यांत तो मण्यांतील साखरेत उतरवते. द्राक्षे खाल्ल्यावर त्यातला बराचसा आपल्या श्वासावाटे लवकरच हवेत परततो. चुनखडकात अडकलेला कार्बन मात्र लाखो वर्षे बाहेर येत नाही.

‘हवामान पूर्वीही बदलतच होते की’, असे वर्गात कोणीतरी हमखास म्हणतो. त्याला गप्प बसवू नये, कारण त्याचे म्हणणे खरे आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्राने कमीजास्त होतो, कक्षेचा आकारही बदलतो, आणि या बदलांच्या तालावर हिमयुगे आली नि गेली. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना हवेतील कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे १८० वरून २६० च्या आसपास जायला हजारो वर्षे लागली. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. हजारो वर्षांची वाढ एका आजोबांच्या हयातीत झाली.

ही वाढ माणसाचीच कशावरून? कोळसा आणि खनिज तेल इतके जुने असते, की कार्बन-१४, म्हणजे दर सुमारे ५,७३० वर्षांनी निम्मा होत जाणारा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, त्यात उरलेलाच नसतो. असे इंधन जळत गेल्याने हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होत गेले. ज्वालामुखींचा कार्बनही जुनाच असतो; पण तो माणसाच्या उत्सर्जनाच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा आहे.

गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याला, यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे मुसळधार पावसाची शक्यता वाढते. तरीही एकाच पुरावर बोट ठेवून हवामान बदलले, असे म्हणता येत नाही. हवामानाची सरासरी काढायला साधारणपणे तीस वर्षांच्या नोंदी लागतात. शिवाय मारुतीच्या गळ्याशी आलेले पाणी शहरातच पडलेले असते असे नाही. त्यातले बरेचसे त्र्यंबकच्या डोंगरांवर पडून गंगापूर धरणाच्या दारांतून आलेले असते. म्हणून नोंद आपापल्या गावची हवी. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून आठवीच्या मुलांनी यंदा वही सुरू केली आणि पुढच्या तुकड्यांनी ती चालू ठेवली, तर तीस वर्षे भरतील तेव्हा ही मुले त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची असतील.