कॅप्सूलमधली जळू

(दृश्य: कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत नळी घालून उपचार करण्याची खोली. मॉनिटरवर हृदयाच्या धमन्या हलताहेत.)

मनगटातून एक बारीक नळी आत सरकते. पडद्यावर धमनी मध्येच संपलेली दिसते, वाऱ्यानं मोडलेल्या फांदीसारखी. फुगा फुगतो, स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी बसते आणि ती फांदी पुन्हा टोकापर्यंत काळीभोर उमटते. 1977च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जाग्या रुग्णाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा असा फुगा फुगवला. आज ही अँजिओप्लास्टी रोजची गोष्ट झाली आहे.

बाहेर येऊन डॉक्टर सांगतात, "ब्लॉकेज निघालं."

निघालेलं असतंच. पण काही रुग्णांत मोठी वाट मोकळी होऊनही पुढच्या केसासारख्या वाहिन्यांत रक्त शिरत नाही. कालव्याला पाणी सुटलं, पण शेतापर्यंतच्या चाऱ्या गाळानं भरलेल्या. तिथे फुगा पोहोचत नाही, स्टेंटही नाही.

(दृश्य: चिनी औषधांच्या दुकानातले लाकडी खण.)

चिनी डॉक्टरांनी नेमकं इथे एक औषध आणून ठेवलं: थोंगशिनलुओ. नावाचा अर्थच हृदयाचं वाहिन्यांचं जाळं मोकळं करणारं. शिजियाझुआंगचे वैद्य वू यीलिंग यांनी ते तयार केलं आणि 1996मध्ये चीनमध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅप्सूलमध्ये जिनसेंग आहे, चंदन आहे, आपल्या देवघरातला भीमसेनी कापूरही आहे. आणि शिवाय विंचू, गोम, सिकाडा या किड्याची कात. आणि जळू.

तोंड वाकडं करण्याआधी थोडं थांबू. जळवा लावून रक्त काढणं सुश्रुतापासून आपल्याला माहीत आहे. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं आणि त्याच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं बायव्हॅलिरुडिन अँजिओप्लास्टी करताना शिरेतून देतात. जळू कॅथलॅबमध्ये केव्हाच पोहोचली आहे, फक्त वेगळ्या नावानं.

(दृश्य: बीजिंग, फुवाई रुग्णालय.)

मात्र परंपरा जुनी आहे एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. म्हणून फुवाई रुग्णालयाचे यांग युएजिन आणि सहकाऱ्यांनी 2019पासून चीनमधल्या 124 रुग्णालयांत मोठी चाचणी घेतली. तीव्र हृदयविकाराचा झटका आलेले 3,777 रुग्ण. सगळ्यांना नेहमीचे उपचार, बहुतेकांना अँजिओप्लास्टी. त्यावर निम्म्यांना थोंगशिनलुओ, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, म्हणजे आत औषध नसलेली. कोणाला काय मिळतंय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

निकाल 2023मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयविकारानं मृत्यू, पुन्हा झटका, तातडीची पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास, पक्षाघात: महिनाभरात यातलं काही घडलं ते पोकळ गोळीच्या गटात 5.2 टक्क्यांना आणि औषधाच्या गटात 3.4 टक्क्यांना. वर्षअखेर हे आकडे 8.3 आणि 5.3 झाले. म्हणजे शंभरातले तीन जण यातल्या एखाद्या संकटातून वाचले. थोडे नाहीत.

पण खर्चाचा काही भाग औषध बनवणाऱ्या कंपनीनं उचलला होता आणि रुग्ण सगळे चीनमधलेच. दुष्परिणामही औषधाच्या गटात जास्त, 1.1 ऐवजी 2.1 टक्के, मुख्यतः पोटाच्या तक्रारी.

जोडीला घ्यायचं औषध वनस्पतीचं असलं तरी निरुपद्रवी असतंच असं नाही. डानशेन ही चीनमध्ये हृदयरोगावर सर्रास वापरली जाणारी मुळी. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतल्यावर रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. थोंगशिनलुओच्या चाचणीत तर ॲस्पिरिन किंवा स्टेंटच्या जागी काही दिलंच नव्हतं. जे दिलं ते त्यांच्या जोडीला.

(दृश्य: उघडलेली कॅप्सूल, पांढऱ्या कागदावर तपकिरी भुकटी.)

डझनभर घटकांची ही भुकटी. यातलं नेमकं कशानं काम केलं? जळूनं, विंचवानं, की भीमसेनी कापरानं? चाचणीनं ते विचारलंच नव्हतं.