दू फू आणि शेजारणीची बोरं

नमस्कार मंडळी! कन्फ्यूशियस, तो प्राचीन चिनी विचारवंत, म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारे सुविचार, आणि त्यातले निम्मे तर त्या बिचाऱ्याने कधी म्हटलेलेही नसतात. पण त्याची शिकवण एखाद्याच्या अंगात मुरली की काय होतं हे बघायचं असेल तर दू फू वाचावा. तांग राजघराण्याच्या काळातला चिनी कवी, जन्म ७१२ चा, गेला ७७० मध्ये.

घराणंच तसलं, एक पूर्वज कन्फ्यूशियन ग्रंथांवर भाष्य लिहिणारा, आजोबा नावाजलेले कवी. त्यामुळे ह्याचं स्वप्न एकच, सरकारी नोकरी मिळवायची आणि राजाला याओ आणि शुन या जुन्या आदर्श राजांच्याही वर नेऊन बसवायचं! पण गडी परीक्षेतच नापास, आणि ७४७ मध्ये पुन्हा बसला तर वजीर ली लिनफूने सगळ्यांनाच नापास करून टाकलं, म्हणे राज्यात लायक माणूस बाहेर कोणी उरलेलाच नाही. मग चिडून एकदा दारूच्या नशेत लिहिलंय, या विद्येचा मला काय उपयोग, कन्फ्यूशियस काय आणि चोर-दरोडेखोर काय, शेवटी दोघांचीही मातीच. मला हा दू फू फार आवडतो, कारण रागावून झाल्यावर परत त्याच वाटेने चालतो.

आता ७५५ चा हिवाळा बघा. राजधानीतून बायकापोरांकडे निघालाय, थंडी एवढी की कमरेचा पट्टा तुटला तर आखडलेल्या बोटांनी गाठ मारता येईना. वाटेत लीशान डोंगर, तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांवर बादशहाची मौजमजा चाललेली. तिथेच ती प्रसिद्ध ओळ येते, लाल दरवाजांच्या (म्हणजे श्रीमंतांच्या घरांच्या) आत दारू-मांस नासतंय आणि रस्त्यावर गारठून मेलेल्यांची हाडं पडलीत. घरी पोचतो तर रडारड, धाकटं पोर उपासमारीने गेलेलं.

इथे कोणीही कवी स्वतःच्याच दुःखात बुडाला असता आणि कोणी नावं ठेवली नसती. पण हा म्हणतो, मला कर माफ, सैन्यात माझं नाव नाही, तरी माझी ही गत, मग साध्या माणसांचं काय होत असेल? कन्फ्यूशियसची अख्खी शिकवण मला तरी या प्रश्नात दिसते, आपल्या घरापासून सुरू करायचं आणि शेजाऱ्यापर्यंत, मग सगळ्या मुलखापर्यंत जायचं.

पुढे बादशहाविरुद्ध बंड, पळापळ, आणि छंगतू शहरात गवताने शाकारलेलं घर. ७६१ च्या वादळात छप्पर उडालं, गवत गावातली पोरं पळवून घेऊन गेली, हा ओरडून ओरडून घसा बसवून काठी टेकत परत आला, रात्री घर गळतंय, गोधडी लोखंडासारखी गार आणि पोराने झोपेत लाथा मारून फाडलेली. आणि अशा रात्री हा काय मागतो, तर हजारो खोल्यांचं भलंमोठं घर, जगातल्या सगळ्या गरीब विद्वानांना पुरेल असं, माझं एकट्याचं मोडलं तरी चालेल! (गवत नेणाऱ्या पोरांना मात्र त्याने चोर म्हटलंय, तेवढं माणूसपण असू द्या.)

पण माझी सगळ्यात लाडकी कविता यापेक्षा लहान आहे, खुएचौ गावातली. घरासमोर बोराचं झाड होतं, म्हणजे आपल्या बोराच्याच जातकुळीतलं, आणि शेजारची विधवा येऊन बोरं झोडपून न्यायची, पोटाला नाही, पोरबाळ नाही, हा काही बोलायचा नाही. मग घर नात्यातल्या ऊ नावाच्या तरुणाला राहायला दिलं आणि त्याने कुंपण घातलं. झालं, दू फूने त्याला कवितेतच चिठ्ठी लिहिली. ओरडत नाही हां, अगदी जपून समजावतो की गरजच नसती तर ती कशाला आली असती, आणि ती आधीच घाबरलेली असते म्हणून आपणच जास्त मायेने वागायचं, तिला उगीच वाटतंय की तू तिला अडवशील, पण बाबा, कुंपण तर तू खरंच घातलंयस ना. शेवटी सांगतो, करवसुलीने हाडापर्यंत गरीब झाले असं ती मला म्हणाली होती, आणि मग लढायांचा विचार येऊन त्याचे डोळे भरून येतात.