पाळणा लांबवायचा, तर बोलणं आधी

श्रोतेहो, नमस्कार. बाळंतपणाच्या तयारीत लोहाच्या गोळ्यांपासून दवाखान्याच्या पिशवीपर्यंत सगळ्याची चर्चा होते. पुढचं मूल केव्हा, किंवा हवंच का, हा विषय मात्र "आधी हे तर नीट पार पडू दे" म्हणून मागे पडतो. तो गरोदरपणातल्या तपासणीतच निघायला हवा, कारण पाळणा लांबवण्याच्या काही साधनांची वेळ बाळ जन्मल्याबरोबर सुरू होते आणि लगेच टळूनही जाते.

तांबीचंच घ्या, म्हणजे गर्भाशयात बसवतात त्या कॉपर-टीचं. वार पडल्यावर १० मिनिटांत, नाहीतर ४८ तासांच्या आत ती बसवता येते. ते हुकलं की निदान ४ आठवडे थांबायचं, आणि तोवर बाई बाळात पुरती गुंतलेली असते. कळा सुरू असताना "बसवू का?" म्हणणं याला विचारणं म्हणत नाहीत. त्या घटकेला बाई कशालाही हो म्हणेल. म्हणून संमती आधी घ्यावी, तपासणीच्या कागदावर नोंदवावी, आणि ऐनवेळी ती नको म्हणाली तर तेच खरं. पाणमोट फुटून १८ तास उलटले असतील, जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर तांबी लगेच बसवत नाहीत. प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याचं प्रमाण जरा जास्त असतं, तेव्हा ६ आठवड्यांची तपासणी चुकवू नका.

"अंगावर पाजतेय, मग काय काळजी?" हे पुष्कळदा ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण तीन अटी एकदमच पाळल्या गेल्या तर: बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळाला दिवसरात्र फक्त आईचं दूध. वरचं दूध सुरू झालं की त्याच दिवशी हा भरवसा सोडायचा. पाळीची वाट पाहत बसू नये; बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून पाळी न येताच दिवस राहू शकतात. अंगावर न पाजणाऱ्या बाईला तर ४ आठवड्यांतच ही शक्यता असते.

गोळ्यांचं पाकीट दुसरीचं पाहून आणू नका. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या पाजणाऱ्या आईने पहिले ६ महिने टाळाव्यात. बाळंतपणानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, त्यामुळे न पाजणारीनेही त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात, मात्र रोज ठरल्या वेळीच घ्यायच्या. तीन महिन्यांचं इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहसा ६ आठवड्यांनंतर देतात.

मुलं पुरे असं नक्की ठरलं असेल, तर स्त्री नसबंदी पहिल्या ७ दिवसांत होते, नाहीतर ६ आठवड्यांनंतर. पुरुष नसबंदी त्याहून सोपी. पण तिचा परिणाम यायला ३ महिने लागतात. तोवर निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून खात्री करायची. हे राहून जातं आणि दोष शस्त्रक्रियेला लागतो.

सल्ला देणाऱ्या ताई-डॉक्टरांनी सोबतच्या माणसांना थोडा वेळ बाहेर बसवावं आणि आधी एवढंच विचारावं, "पुढचं मूल केव्हा हवंय?" बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जावेत. गर्भपात झाला असेल तर निदान ६ महिने. आणि तिथे दोन आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून साधन देऊनच त्या बाईला घरी पाठवावं.