शंभर रिले आणि एक प्रबंध

नमस्कार श्रोतेहो. नोकरी सांभाळून माहिती तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, किंवा ज्यांनी फी भरली आहे आणि आता रात्री अकराला लॅपटॉप उघडायचं जिवावर येतंय, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. सांगायची गोष्ट एकच. प्रबंधाचा विषय सगळ्यात आधी ठरवा आणि तो आपल्या रोजच्या कामातून उचला. विषय आधी, कोर्सची निवड नंतर.

हे पटवायला मी एक हकीकत सांगते. १९३६ साल. क्लॉड शॅनन नावाचा वीस वर्षांचा मुलगा मिशिगन विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेऊन बाहेर पडत होता. भिंतीवर त्याला एक पोस्टकार्ड लावलेलं दिसलं: एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठात एक यंत्र चालवायला माणूस हवा आहे. काम अर्धवेळ, उरलेल्या वेळात पुढचं शिक्षण. म्हणजे नोकरी आणि मास्टर्स एकत्र, आपल्यासारखंच.

यंत्र होतं तिथले अभियंते व्हॅनेव्हार बुश यांचं, समीकरणं सोडवणारं डिफरन्शियल ॲनालायझर. दांडे, गिअर आणि फिरत्या चकत्यांनी भरलेली अख्खी खोली. शास्त्रज्ञ आपली समीकरणं घेऊन यायचे, आणि प्रत्येक समीकरणासाठी यंत्राची जुळणी नव्याने करावी लागायची. ती करून देणं हे शॅननचं काम. पण त्याचं लक्ष गेलं ते या यंत्राचं नियंत्रण करणाऱ्या विजेच्या मंडलाकडे, म्हणजे सर्किटकडे. त्यात होते जवळजवळ शंभर रिले. रिले तुम्हाला ठाऊक आहे. घरच्या स्टॅबिलायझरमधून मधेच 'टक्' असा आवाज येतो ना, तो रिलेचा. आतल्या तारेच्या गुंडाळीत वीज आली की ती लोहचुंबक होते, पट्टी खेचते आणि दुसरा रस्ता जोडते किंवा तोडते. बस्स.

त्या काळी अशी मंडलं अनुभवावर आणि अंदाजावर बांधली जायची. चालली की झालं. किती रिले खरोखर लागतात, किती उगाच बसलेत, हे मोजायची रीत नव्हती. शॅननने मिशिगनला असताना जॉर्ज बूलचं तर्काचं बीजगणित शिकलेलं होतं, ज्यात विधान खरं असतं किंवा खोटं, तिसरं काही नाही. आणि रिले जोडलेला असतो किंवा तुटलेला, तिसरं काही नाही. १९३७ च्या उन्हाळ्यात तो बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता, तिथे टेलिफोनच्या जोडण्यांसाठी रिलेच रिले. दोन्ही गोष्टी एकमेकींत बसल्या, आणि तोच त्याच्या मास्टर्सच्या प्रबंधाचा विषय झाला.

डोळ्यांसमोर आणा. दोन स्विच एकामागोमाग एका तारेवर असतील, तर दोन्ही लावल्याशिवाय दिवा लागत नाही. हा झाला 'आणि'. दोन स्विच शेजारी-शेजारी वेगळ्या तारांवर असतील, तर कुठलाही एक पुरतो. हा झाला 'किंवा'. आता समजा अट अशी आहे: 'अ' आणि 'ब' दोन्ही चालू असतील तेव्हा दिवा लागावा, किंवा 'अ' चालू असून 'ब' बंद असेल तेव्हाही लागावा. शब्दाला शब्द ठेवून जोडणी केली तर चार संपर्क, म्हणजे तार जोडायच्या-तोडायच्या चार जागा, लागतील. बीजगणित मांडलं तर 'ब' एकतर चालू असणार किंवा बंद, म्हणजे त्याने काही फरकच पडत नाही. एकटा 'अ' पुरे. चाराच्या जागी एक! हे कागदावर, पेन्सिलीने, एकही तार न जोडता.

त्या प्रबंधात शॅननने नुसती सूत्रं मांडली नाहीत. ठरावीक क्रमाने बटणं दाबली की उघडणारं विजेचं कुलूप कसं बांधायचं आणि शून्य-एकच्या पद्धतीत बेरीज करणारं मंडल कसं बांधायचं, तेही करून दाखवलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. १९३८ मध्ये ते काम छापून आलं, १९४० मध्ये त्याला आल्फ्रेड नोबल पुरस्कार मिळाला. हा नोबल वेगळा बरं का, अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थांचा. स्वीडनचा नोबेल नव्हे. आजच्या प्रत्येक डिजिटल चिपच्या आत हाच विचार आहे. आणि विषय कुठे सापडला? हाताखालच्या यंत्रात, पगार ज्यासाठी मिळत होता त्या कामात.

म्हणून पुन्हा सांगते: विषय आधी, आणि तो कामातून. 'क्लाउडची कार्यक्षमता' हा विषय नाही, तो विषयांचा डोंगर आहे. 'रात्री चालणाऱ्या हिशोबाच्या जॉबला चार तास लागतात, त्यातला सर्वाधिक वेळ कुठल्या पायरीत जातो आणि ती पायरी कशी कमी होईल' हा विषय आहे. तो ठरला की डेटाबेसचा कोर्स घ्यायचा की वितरित प्रणालींचा, म्हणजे अनेक संगणक मिळून एक काम कसं करतात याचा, हे आपोआप कळतं.

इथे लोक कुठे अडकतात तेही सांगते. पहिलं, लॉग, म्हणजे यंत्राने आपल्या कामाच्या आपोआप ठेवलेल्या नोंदी. बऱ्याच सर्व्हरवर जुने लॉग ठरावीक दिवसांनी, समजा तीस दिवसांनी, आपोआप पुसले जातात. तुम्ही वर्षभराने प्रबंधाला बसता आणि सुधारणेच्या आधीचे आकडेच हाती नसतात. मग 'सुधारलं' हे कशाच्या तुलनेत म्हणणार? काहीही बदलायच्या आधी किमान दोन आठवड्यांची मोजमापं काढून ठेवा. आधी मोजायचं, मग बदलायचं.

दुसरं, परवानगी. लॉग बाहेर नेण्याआधीच वरिष्ठांना एक पानाचं पत्र द्या: कुठली माहिती वापरणार, कुठले रकाने झाकणार, प्रबंध कोण वाचणार, तो छापला जाणार का. उत्तर लेखी घ्या. आणि नाव काढलं की माहिती निनावी झाली, असं समजू नका. माहितीच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी टपाल क्रमांक एवढ्या तिघांवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक बहुधा एकेकटे ओळखू येतात. प्रबंधाचा कोड ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका. नोकरीच्या करारात लिहिलेल्या कोडच्या मालकीचं कलम असतं, ते आधी वाचा.

वेळेचं थोडक्यात. एका कोर्सला आठवड्याला दहा-बारा तास धरा, प्रोग्रॅमिंग जास्त असेल तर पंधरा. म्हणून एका सत्रात एकच कोर्स. दोन घेतलेल्यांचा दम साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात जातो, कारण सत्राच्या मध्यावरची परीक्षा आणि गृहपाठ एकदम येतात, आणि नेमका तेव्हाच ऑफिसात रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढायचा दिवस, असतो. सत्र सुरू व्हायच्या आधी अभ्यासक्रमाचं वेळापत्रक मागून घ्या आणि रिलीजच्या तारखांशेजारी ठेवा. कोर्स सोडायची शेवटची तारीख लाल शाईने लिहा. पदवी किती वर्षांत पुरी करावी लागते, तो नियमही प्रवेशाआधीच बघून घ्या.

एक माझं ठाम मत. व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकण्याची सवय लागली आहे, ती मला अजिबात पसंत नाही. सिद्धता कानावरून जाते, हातात येत नाही. व्हिडिओ थांबवा, कागद घ्या, पुढची ओळ स्वतः लिहा, मग पुन्हा सुरू करा. दहा वर्षांपूर्वी शिकलेली संभाव्यता आणि रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्रॅम) गंजलेलं असतं. प्रवेशाआधी त्या कोर्सचा जुना गृहपाठ मिळवून एक सोडवून बघा. तीन तासांत निम्मासुद्धा झाला नाही, तर आधी पायाभूत कोर्स घ्या.

या आठवड्यासाठी काम एवढंच. ऑफिसात रोज जे हळू चालतं, रोज जे अडतं, त्यातल्या तीन गोष्टी वहीत लिहा. प्रत्येकीपुढे लिहा की ती मोजता येते का, आणि तिचे लॉग किती दिवस राहतात.