गेलेलं लक्ष परत आणताना

श्रोतेहो, नमस्कार.

मनाला वळण लावायचं म्हटलं की बहुतेक जण आधी नको तो विचार दाबायला जातात. 'आता याचा विचार करायचाच नाही' असं ठरवतात आणि तासाभरात तोच विचार डोक्यात ठाण मांडून बसतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली याचा प्रयोगच केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. विचार आला नाही ना, हे तपासायलासुद्धा मनाला तो हाताशी ठेवावा लागतो!

म्हणून विचार हाकलू नका, लक्ष परत आणा. पाच मिनिटांचा गजर लावून पाठ ताठ ठेवून बसा. नाकपुडीपाशी श्वास जाणवतो, तिथे लक्ष ठेवा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. चारवर पोचेपर्यंत मन उद्याच्या कामात शिरलेलं असेल, नाहीतर आकडे आपोआप सतरा-अठरावर गेलेले असतील. ध्यानात आलं की पुन्हा 'एक'. वीस वेळा मन गेलं आणि वीस वेळा आणलं, तर वीस वेळा व्यायाम झाला. इथे स्वतःवर चिडलात, की मूळ विचारात रागाची भर पडते. श्वासाकडे पाहून कुणाला गुदमरल्यासारखं होत असेल, तर त्यांनी जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे लक्ष द्यावं.

दृष्टिकोन बदलायचा तर मात्र कागद-पेन हवं. १९६०च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी आपोआप उमटणारे विचार पकडून तपासण्यावर उपचारपद्धती उभी केली. घरी करण्यासारखा भाग एवढाच. समजा, मैत्रिणीने तुमचा संदेश वाचला, उत्तर दिलं नाही. पहिल्या रकान्यात नेमकं तेवढंच लिहा. 'तिने मला टाळलं' ही घटना नव्हे, तो तुमचा निष्कर्ष. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. दुसऱ्या रकान्यात मनातलं वाक्य जसंच्या तसं: 'तिला माझा कंटाळा आलाय.' ते किती खरं वाटतं? शंभरपैकी ८०. तिसऱ्यात बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे: उत्तर आलेलं नाही, पण मागच्याच आठवड्यात तिने आपणहून फोन केला होता. मग नवं वाक्य: 'ती गप्प का आहे, ते मला अजून कळलेलं नाही.' आता जुन्या वाक्याला पुन्हा गुण द्या. ८०चे ५० झाले तरी पुष्कळ. त्याऐवजी 'सगळं छान आहे' असं लिहाल, तर मन ते मानणार नाही. साखर लगेच ओळखू येते.

सतत दोन आठवडे उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

सवय किती दिवसांत लागते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी कृती करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय लागते' हा ऐकीव हिशेब सोडून द्या. बसण्याची वेळ ठरलेल्या कामाला जोडा, दात घासून झाल्यावर लगेच, अशी. एखादा दिवस चुकल्याने त्या अभ्यासात फारसा फरक पडला नव्हता. तेव्हा उद्या राहिलंच, तर परवा दुप्पट बसू नका. नेहमीची पाच मिनिटंच बसा.