गाडीतून उतरल्यावर

[दृश्य: नागपूर–राजनांदगाव रेल्वेमार्ग. धावत्या गाडीच्या खिडकीतून दिसणारी शेतं.]

१८९३ साल. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळक बसले होते. वय एकतीस. संस्कृतवर हुकमत, कवी म्हणून नाव होऊ लागलेलं, संसार मात्र ओढाताणीचा. राजनांदगाव संस्थानात काही काम मिळेल या आशेने निघालेले. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होता. बोलणं संस्कृत काव्यावरून सुरू झालं आणि हळूहळू धर्मावर आलं. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती बायबलमधल्या नव्या कराराची प्रत ठेवली आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते काही पटलं नाही. पुस्तक वाचेन, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत ही हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सांगणारा बहुतेक वेळा रेल्वेच्या डब्यातच रेंगाळतो: भेट कशी झाली, भाकीत कसं खरं ठरलं. खरं काम सुरू झालं ते टिळक गाडीतून उतरल्यावर. शब्द दिला होता म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. नव्या कराराची सुरुवात मत्तयाच्या शुभवर्तमानाने होते आणि त्यातली पहिली सतरा वचनं म्हणजे नुसती वंशावळ. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, अशी नावांमागून नावं. नव्या वाचकाचा उत्साह बऱ्याचदा इथेच संपतो. टिळक पुढे वाचत गेले आणि पाचव्या अध्यायाशी येऊन थबकले. पाच, सहा आणि सात हे तीन अध्याय म्हणजे डोंगरावरील प्रवचन. त्या शब्दांपासून आपल्याला दूरच होववेना, असं त्यांनी पुढे सांगितलं.

[दृश्य: जुन्या मराठी नव्या कराराचं पान. मत्तय, अध्याय पाच. कॅमेरा ओळींवरून सावकाश सरकतो.]

या तीन अध्यायांत मिळून १११ वचनं आहेत. सावकाश, मोठ्याने वाचली तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. टिळकांच्या आयुष्याला वळण देणारा मजकूर एवढाच, आणि शब्द पाळला नसता तर तोही पिशवीतच राहिला असता.

अवचित भेटीने कुणाचा स्वभाव बदलत नाही. ती एखादं लहानसं काम हातात देऊन जाते, आणि पुढचं सगळं ते काम आपण करतो की नाही यावर अवलंबून असतं. म्हणून अशा वेळी शब्द देताना तो लहान द्यावा आणि त्याला वेळ नेमावी. ‘आज रात्री जेवणानंतर पहिला अध्याय’ हे पाळता येतं. ‘उद्यापासून रोज पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना’ हे फार तर आठवडाभर टिकतं. मग माणूस प्रार्थनाच सोडून देतो, कारण मोडलेला शब्द त्याला प्रत्येक वेळी आठवत राहतो. ज्याला वंशावळीशीच अडायला होतं, त्याने मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. सोळाच अध्याय आहेत आणि पहिल्याच अध्यायात घटना धावायला लागतात.

[दृश्य: केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा परिसर.]

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर पुस्तक देणारं माणूसही समोर नव्हतं. १८८०नंतरचा काळ, आसामातलं सिल्चर. पती बिपिन बिहारी मेधावी वकिली करत. घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना एक छोटं पुस्तक सापडलं: बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान. ते तिथे कसं आलं हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांनी ते मन लावून वाचलं. तिथे येणाऱ्या एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून पुढचं समजून घेतलं. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्याला आल्या, पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि आमच्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या भगिनींकडे पाठवलं होतं. या बायकांची एवढ्या मायेने सेवा कशासाठी, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी दूर ठेवलेल्या जमातीतल्या, स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ती त्यांच्या मनात खोल उतरली. तरीही बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, ख्रिस्त मिळायचा अजून राहिलाच आहे. त्यांनी हे उघडपणे लिहिलं. सिल्चरचं पुस्तक, फुलहॅमचं वाचन आणि ही जाणीव यांत मिळून दहा वर्षं गेली. एका प्रसंगात सगळं उजळून निघावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा. महिनाभरात काही वाटेनासं झालं, म्हणून प्रसंग खोटा होता असं ठरत नाही.

[दृश्य: अहिल्यानगर. जुनी चर्च, दुपारचा रस्ता.]

आता त्याच गाडीची दुसरी बाजू. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर कोसळली. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. पदरात लहान दत्तू. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, याचं मोल फार मोठं आहे. मग एके दिवशी, कुणीही उपदेश करत नसताना, त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं आणि त्या विचारापाशी थांबल्या नाहीत. कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी.

ज्या घरात एकाला अचानक विश्वासाची ओढ लागते, तिथे इतरांसाठी तोच प्रसंग दुःखाचा असू शकतो. रविवारी सकाळी घरच्यांशी वाद घालून उपासनेला जाणारा माणूस हे विसरतो. घरातल्यांना वेळ देणं हा विश्वासाचाच भाग आहे.

[दृश्य: ओसाड डोंगरउताराचा रेखाटलेला नकाशा. यरुशलेम वर, यरीहो खाली.]

येशूने सांगितलेल्या दाखल्यांत न ठरवलेल्या वेळेचा सगळ्यात तपशीलवार दाखला लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट सुमारे २७ किलोमीटरची, आणि तेवढ्यात जवळजवळ हजार मीटरचा उतार. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस. याजक बाजूने गेला, मंदिरात सेवा करणारा लेवीही गेला. शोमरोनी थांबला. त्याने काय केलं ते ओळीने पाहा: जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगितलं. म्हणजे तो पुढच्या प्रवासाला निघाला होता.

ही शेवटची गोष्ट प्रवचनांत अनेकदा सुटते. शोमरोन्याने प्रवास रद्द केला नाही. त्याने एक रात्र दिली, दोन दिवसांची मजुरी दिली, काम दुसऱ्या भरवशाच्या माणसाकडे सोपवलं आणि परत येण्याची जबाबदारी घेतली. मदतीला मोजमाप होतं, म्हणून ती तडीला गेली.

[दृश्य: चाळीतलं स्वयंपाकघर. गॅसवर कुकर. दारावरची घंटा वाजते.]

रात्रीचे साडेआठ. कुकरची एक शिट्टी झाली आहे, मुलाचा अभ्यास अर्धा राहिला आहे, आणि दारात शेजारच्या काकू उभ्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळतं की हे साखर मागणं नाही. अशा वेळी आधी गॅस बंद करावा. चित्त कुकरकडे ठेवून ऐकलेलं समोरच्याला लगेच कळतं. त्यांना बसवावं आणि आपल्याकडे किती वेळ आहे ते खरं सांगावं: ‘काकू, वीस मिनिटं आहेत, सगळं सांगा.’ खोटी सवड दाखवली की पाचव्या मिनिटाला नजर घड्याळाकडे जाते. आपल्या आवाक्यातलं नसेल, दवाखाना, पोलीस, पैशाचा मोठा व्यवहार असं काही असेल, तर ज्याला त्यातलं कळतं त्याचा नंबर तिथल्या तिथे लावून द्यावा. आणि पुन्हा कधी विचारायला येणार ते सांगून त्या वेळी जावं.

ख्रिस्ती माणसाची या जागी ठरलेली एक चूक होते. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो,’ असं म्हणून तो दार लावतो आणि विसरतो. त्यावर उपाय सोपा आहे. समोरच्याची हरकत नसेल तर उंबऱ्यातच, उभ्या उभ्या, दोन वाक्यांची प्रार्थना करावी, नाव घेऊन. भाषा रोजची असावी. तसं करणं त्यांना अवघड वाटेल असं दिसलं तर त्या गेल्यावर लगेच करावी आणि नाव कॅलेंडरवर लिहावं.

सगळ्याच हाका आपल्यासाठी नसतात, हेही सांगायला हवं. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले आणि म्हणाले की सगळे तुला शोधताहेत. येशूने सांगितलं की आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ. कफर्णहूममध्ये वाट पाहणारे लोक होते आणि तो तिथून निघाला. आजारी सासऱ्यांची शुश्रूषा करून थकलेल्या बाईने ‘आज जमणार नाही, उद्या अकराला या’ म्हटलं, तर तिचा विश्वास कमी पडला असं कुणी समजू नये.

[दृश्य: वही, पेन, रात्रीचा दिवा.]

प्रसंग येतो आणि जातो. त्यातून स्वभाव घडायचा तर नंतर तो पुन्हा पाहावा लागतो. ख्रिस्ती परंपरेत यासाठी सर्वांत नेमकी पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. तेही एका न ठरवलेल्या घटनेचंच फळ. २० मे १५२१ रोजी स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर वेळ जाईना म्हणून त्यांनी शूरवीरांच्या कथा मागवल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा होत्या. पडल्या पडल्या त्यांना एक गोष्ट जाणवली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं हा विचार मात्र मागे आनंद ठेवून जायचा. विचार येताना कसा वाटला यापेक्षा तो गेल्यावर काय उरलं हे पाहायचं, ही त्यांची पुढच्या सगळ्या साधनेची किल्ली ठरली. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले, आणि त्यांच्या मागोमाग ही साधनाही आपल्या किनाऱ्यावर पोचली.

या साधनेतल्या रात्रीच्या आत्मतपासणीचे पाच टप्पे आहेत. आधी देवाचे उपकार मानायचे, मग स्वतःला खरं दिसावं म्हणून प्रकाश मागायचा. तिसऱ्या टप्प्यात उठल्यापासूनचा दिवस तासातासाने पाहायचा: आधी विचार, मग शब्द, मग कृती. चौथा टप्पा क्षमेचा, पाचवा उद्याच्या निश्चयाचा. शेवटी प्रभूची प्रार्थना. पंधरा मिनिटं पुरतात. अंथरुणात पडून करू नये, दुसऱ्याच टप्प्यात झोप लागते. जेवणानंतर, भांडी आवरायच्या आधी, खुर्चीत बसून करावी. पहिला टप्पा घाईने उरकू नये. आभार न मानता चुकांकडे वळलेला माणूस दोन आठवड्यांत स्वतःवरच चिडू लागतो. ज्यांचं मन आधीच फार टोचणी लावणारं आहे, त्यांनी ही तपासणी पाळकांच्या किंवा फादरांच्या सल्ल्यानेच करावी.

याच्या जोडीला एकाच दोषावरची खास तपासणी आहे. समजा दोष हा की कुणी मध्येच हाक मारली की आपण खेकसतो. सकाळी उठताच ठरवायचं की आज हे सांभाळेन. दिवसात खेकसलो की हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात न येता हे करता येतं, असं इग्नेशियस मुद्दाम सांगतात. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या रेघेवर, रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर, जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके. मग दुपारची रात्रीशी, कालची आजशी आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना.

[दृश्य: वहीचं पान. सात दिवसांच्या चौदा रेघा, त्यांवर ठिपके.]

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतात, कारण आपण पूर्वी मोजतच नव्हतो. तेवढ्यावरून वही बंद करू नये. दोन-तीन दोष एकदम घेऊ नयेत, एकही नीट दिसत नाही. ठिपके कोणत्या वेळी पडतात ते पाहावं: बऱ्याच जणांचे ते संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान गोळा होतात, भूक आणि थकवा एकत्र असतो तेव्हा. मग निश्चयाबरोबर सहा वाजता चार घास खाण्याची व्यवस्थाही करावी. एखादा दिवस राहून गेला तर ती रेघ कोरी सोडावी, आठवून आठवून भरू नये, आणि दुसऱ्या दिवशी उठताच पुन्हा ठरवावं.