उकळतं पाणी आणि मक्याचं पीठ

आज आपण मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या करणार आहोत. आधीच सांगून ठेवते, नाहीतर निम्मी मंडळी घरी जाऊन कॉर्नफ्लोअरचा डबा उघडतील. ते नको. तो मक्याचा नुसता स्टार्च, सूप दाट करायला ठीक. आपल्याला हवं ते मका दळून केलेलं, बोटाला रवाळ लागणारं पीठ.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात राहायला गेलो तेव्हा शेजारच्या आजींनी मला 'हॉट वॉटर कॉर्नब्रेड' खाऊ घातला. नावात ब्रेड असला तरी यीस्ट नाही, भट्टी नाही. तळहातात मावतील अशा चपट्या वड्या, बिडाच्या तव्यात अर्धा बोट तेलात तळलेल्या. सोबत चवळी आणि मंद आचेवर शिजवलेला कोलार्डचा, म्हणजे कोबीच्या जातीतल्या एका भाजीचा, पाला. पाल्याचं पाणी कोणी ओतून देत नाही; वडी त्यात बुडवून खातात, आपण आमटीत भाकरी कुस्करतो तशी.

घरी येऊन मीही केल्या. तेलात सोडल्या आणि फुटल्या! तव्यात नुसता चुरा, तेल काळं. मी पाणी कोमट घेतलं होतं. आजींनी 'उकळतं' हा शब्द दोनदा उच्चारला होता, पण माझं लक्ष वाटी-चमच्याच्या मापाकडे. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की आधणाचं पाणी घालणाऱ्या बाईची मी लेक, आणि हे माझ्या डोक्यात येऊ नये?

कारण तेच आहे. मक्यात गव्हासारखं ग्लूटेन नाही, पीठ धरून ठेवणार कोण? उकळतं पाणी पडलं की स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो. दोन वाट्या पिठाला चमचाभर मीठ आणि दीड वाटीच्या आसपास पाणी. सगळं एकदम ओतू नका, पीठ जुनं-नवं असतं. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ओल्या हाताने थापा.

मका मुळात तिथल्या आदिवासींचा. चेरोकी, चोक्टॉ या लोकांकडून तो गोऱ्यांच्या चुलीवर गेला. गुलामांना आठवड्याच्या शिध्यात मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस मिळे; त्याच मांसाच्या सुटलेल्या चरबीत या भाकऱ्या तळल्या जात. आज 'सदर्न' म्हणून मिरवणाऱ्या या ताटावर काळ्या बायकांचा हात मोठा आहे, हे तिथेही पुष्कळदा सांगावं लागतं.

हशपपी हा याचाच भाऊ, तळलेल्या माशांसोबत खातात तो. कांदा, ताक, अंडं घातलेले छोटे गोळे. अंडं बांधून ठेवतं, म्हणून तिथे उकळतं पाणी लागत नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यांना गोळे टाकून गप्प केलं, म्हणून हे नाव, अशी गोष्ट सगळे सांगतात. मला ती फार गोड वाटते, म्हणूनच खरी वाटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅरोलिनात, एडिस्टो नदीकाठी, रोमिओ गोवन नावाचा गुलामीत जन्मलेला आचारी मासे तळून झाले की असेच गोळे करायचा. तिथे त्यांना 'रेड हॉर्स ब्रेड' म्हणत. रेड हॉर्स हा नदीतला मासा.

साखर घालायची का, असं मागून कोणीतरी विचारलं. आजींसमोर विचारू नका. साखर घातली की तो केक, असं म्हणून त्या ताट उचलतील.

चला, तेल तापलंय. पिठाचा कण टाकला तर लगेच वर येऊन फसफसला पाहिजे. पहिल्या रांगेने जरा मागे सरका, मी वड्या सोडते.